बाळंतपणातील मरण हे प्रारब्ध नव्हे

(वाशीम जिल्ह्यातील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी मी जो विषय निवडला आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींस नवल वाटेल. विहारात शीलावर बोलावे, शिक्षणावर बोलावे, हक्कांवर बोलावे. बाळंतपणाचे आणि दवाखान्याचे काय बोलायचे, तो तर बायकांचा विषय, असे म्हणणारे पुरुष आपल्यात अजून आहेत. त्यांस माझे नम्र सांगणे आहे की, ज्या दारातून प्रत्येक माणूस ह्या जगात येतो, त्या दारात एखादी बाई विनाकारण मरत असेल, तर तो बायकांचा विषय राहत नाही. तो समाजाचा विषय होतो आणि हक्काचाही विषय होतो.

आपणांस ठाऊकच आहे की, सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी त्याची माता महामाया वारली आणि महाप्रजापती गौतमीने त्या बाळाला वाढविले. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. पण तिच्यातील एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. महामाया ही राजाची राणी होती. तिला धनधान्य कमी नव्हते, दासदासी कमी नव्हत्या. तरीही ती बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत गेली, कारण त्या काळी अशा दुखण्याचे कारण कोणाला ठाऊक नव्हते आणि उपायही ठाऊक नव्हता. आज तशी स्थिती नाही. आज कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, आणि त्या उपायांपैकी बहुतेकांची किंमत एका जोडी चपलेहून अधिक नाही. म्हणून आजचे मरण आणि त्या काळचे मरण ह्यांस एकाच मापाने मोजता येणार नाही.

आपल्या पूर्वजांना सांगण्यात आले होते की, पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते आणि ते लिहिलेले पुसता येत नाही. दीक्षा घेताना आपण ह्या समजुती सोडल्या. आपल्यापैकी काही कुटुंबांनी ती अलीकडे घेतली आहे, काहींच्या घरी तिसरी-चौथी पिढी चालू आहे. परंतु बाळंतीण दगावली की आपल्याही तोंडून सहज निघून जाते, "तिचं तेवढंच आयुष्य होतं." हे वाक्य म्हणजे सटवाईच नवे लुगडे नेसून घरात परत आली असे समजा. तथागतांची शिकवण अशी की, कारणावाचून कार्य घडत नाही आणि कारण दूर केले की कार्य थांबते. हाच नियम आज आपल्याला बाळंतपणाच्या खोलीत लावून पाहावयाचा आहे.

प्रथम थोडे आकडे सांगतो. गरोदरपणी, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत त्या कारणाने बाई गेली, तर त्यास मातामृत्यू म्हणतात. २००४-०६ ह्या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता मरत होत्या आणि महाराष्ट्रात १३०. २०१८-२० ह्या काळात भारताचा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्राचा ३३ वर, आणि केरळचा १९ वर. ह्या आकड्यांचा अर्थ नीट पाहा. पंधरा वर्षांच्या आत महाराष्ट्रातील चारांपैकी तीन मरणे टळली. ह्या पंधरा वर्षांत बायकांची शरीरे बदलली नाहीत आणि कोणाच्या कपाळावरचे लिखाणही बदलले नाही. दवाखाने, औषधे, गाड्या आणि कायदे बदलले, म्हणून मरणे टळली. जी टळली ती टळण्याजोगी होती, आणि जी उरली आहेत त्यांतील बहुतेक तशीच आहेत. राज्याची २०१८-२० ची सरासरी ३३ असली तरी ती मुंबई-पुण्यापासून मेळघाटापर्यंतची सरासरी आहे. सरासरीच्या आड दूरचे खेडे झाकले जाते हेही विसरू नका.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांस आकांक्षित जिल्हे असे नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपला वाशीम हे चार जिल्हे त्यात आले. आरोग्याच्या सोयी हे त्या निवडीचे एक मोठे माप होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु महाविद्यालयाची पाटी लागणे वेगळे आणि मध्यरात्री मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या बाईला भूल देणारा डॉक्टर मिळणे वेगळे.

पूर्वी उपदेश असा असे की, घरी बाळंतपण करू नका, दवाखान्यात जा. तो उपदेश लोकांनी मानला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १०० पैकी जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. म्हणजे आपल्या माताभगिनींनी आपल्या वाट्याचे काम केले. आता प्रश्न पुढे सरकला आहे. बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोहोचल्यावर तिच्या जिवाचे काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

बाळंतपणात बाई मुख्यतः कशाने मरते? रक्तस्रावाने, रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांनी, जंतुदोषाने, अडलेल्या बाळंतपणाने आणि चोरून केलेल्या असुरक्षित गर्भपाताने. ह्यांतील पहिले कारण सर्वांत घातक आहे.

गरोदरपणाच्या शेवटी गर्भपिशवीला दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त पोचत असते. वार सुटली की पिशवीचे स्नायू आवळले जातात आणि रक्ताच्या उघड्या वाहिन्या दाबून बंद होतात. ती पिशवी सैल राहिली, तर नळ उघडा राहावा तसे रक्त वाहते, आणि उपचार न मिळाल्यास धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. बाळ जन्मताच एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन दिल्याने हा धोका पुष्कळच कमी होतो. पण हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वैशाखात विदर्भाचे ऊन कसे असते ते मी आपणांस सांगावयास नको. वीज गेली, शीतपेटी बंद पडली किंवा औषधाची कुपी उघड्या टेबलावर राहिली, की इंजेक्शन दिल्याची नोंद वहीत होते आणि गुण मात्र येत नाही.

ह्याच औषधाची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. बाळ जन्मण्यापूर्वी कळा वाढाव्यात म्हणून हे इंजेक्शन वाटेल तसे टोचले, तर गर्भपिशवी फाटू शकते आणि आई व बाळ दोघेही जाऊ शकतात. "बाई, लवकर मोकळी करा, कळांचं इंजेक्शन द्या," असा आग्रह पुष्कळदा आपणच करतो. तो आग्रह कृपा करून सोडून द्या. ते कधी व किती द्यावयाचे, हे सलाईनचे थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकून आणि शस्त्रक्रियेची सोय जवळ असताना डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

रक्तस्रावाच्या बाबतीत मराठी भाषेशी जुने नाते असलेल्या बेळगाव जिल्ह्याने जगाला मोठा धडा दिला आहे. तेथील खेड्यांत गावपातळीवरच्या परिचारिकांनी बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर काय फरक पडतो, ह्याचा अभ्यास जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी शास्त्रज्ञांच्या साह्याने केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. १,६२० बायकांच्या त्या अभ्यासात गोळ्या न मिळालेल्यांपैकी १२ टक्के बायकांना अधिक रक्तस्राव झाला आणि गोळ्या मिळालेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना. मोठे इस्पितळ नव्हते, तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. खेड्यातली परिचारिका होती, साधी गोळी होती आणि शिस्त होती. त्याच अभ्यासासाठी रक्त मोजण्याची, खुणा केलेली पिशवी असलेली प्लास्टिकची चादर वापरण्यात आली. कारण नजरेचा अंदाज फसवतो. चादरीत, कापसात, बादलीत वाटलेले रक्त नेहमी कमी भासते.

२०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया ह्या चार देशांतील सुमारे ८० रुग्णालयांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे अशीच मोजपिशवी वापरून, रक्त ठरावीक खुणेवर येताच पोट चोळणे, औषध, सलाईन, तपासणी हे सर्व उपाय एकदम करण्याची पद्धत लावली. नेहमीच्या रीतीत रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी निम्म्याच वेळेवर ओळखल्या जात होत्या. नव्या रीतीत १०० पैकी ९३ ओळखल्या गेल्या, आणि गंभीर रक्तस्रावाचे अनर्थ ६० टक्क्यांनी घटले. आफ्रिकेतील गरीब देशांच्या रुग्णालयांत जे होऊ शकते, ते वाशीम जिल्ह्यातील प्रत्येक प्रसूतिगृहात का होऊ नये, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरे कारण रक्तदाबाचे. पाचव्या महिन्यानंतर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर सूज येणे, ही लक्षणे दिसली आणि रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, तर ते पुढील झटक्यांचे आमंत्रण समजावे. झटका आला की आपल्याकडे अजूनही "बाहेरचे झाले" म्हणून अंगारा लावणारे निघतात. तो अंगारा लावण्यात जो तास जातो, तोच तास जिवाचा असतो. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट नावाचे स्वस्त औषध आहे. २००२ साली ३३ देशांतील १०,००० हून अधिक बायकांवरील अभ्यासात दिसून आले की, ह्या औषधाने झटके येण्याचा धोका निम्म्यावर येतो. ह्याची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन मग बाईला पुढे पाठवावयाचे असते. मात्रा न देता नुसती चिठ्ठी देऊन पाठविणे म्हणजे जळते घर शेजारच्या गावी विझवावयास पाठविण्यासारखे आहे.

तिसरे कारण जंतुदोष. १८४६ साली व्हिएन्ना शहरातील एका मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. ज्यात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, त्यात १०० पैकी ११ हून अधिक बाळंतिणी मरत. ज्यात सुइणी काम करीत, त्यात तीनाहून कमी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने कारण शोधले. डॉक्टर प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणीस तपासत होते. १८४७ साली त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि पुढच्या वर्षी पहिल्या विभागातील मृत्यूही सव्वा टक्क्यावर आले. पण मोठ्या डॉक्टरांना, आपल्याच हाताने बाई मरते, हे ऐकणे रुचले नाही आणि त्याला विरोध झाला. ह्या इतिहासातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली, अंगावरची पदवी हात स्वच्छ करीत नाही. दुसरी, प्रश्न विचारल्याने विद्येचा अपमान होत नाही. उलट विद्या त्यानेच पुढे जाते. बाळंतिणीला ताप आला, अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले, तर ते "दूध उतरल्याचा ताप" म्हणून घरी काढू नका.

ह्या सर्वांच्या मुळाशी रक्ताची कमतरता आहे. त्याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या रक्तस्रावातून सशक्त बाई तरून जाते, त्यातच अशक्त बाई बुडते. सोयाबीन सोंगावयास गेलेली आपली भगिनी घरातील सर्वांना वाढून उरलेले खाते, आणि मग नवव्या महिन्यात दवाखान्यात तिच्याकडे रक्ताची बाटली मागतात. लोहाच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यावयाच्या असतात, आणि त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. गोळीने मळमळते म्हणून ती कोनाड्यात ठेवू नका. रात्री जेवणानंतर घ्या.

विदर्भात आणखी एक दुखणे आहे आणि ते आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत अधिक आढळते. ते म्हणजे सिकलसेल. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीला गरोदरपण अतिशय जड जाते. १ जुलै २०२३ रोजी ह्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. लग्नाआधी पत्रिका पाहणे आपण सोडले हे उत्तम झाले. तिच्या जागी वधूवरांच्या रक्ताची तपासणी करण्याची रीत सुरू करा.

आता दवाखान्यातील व्यवस्थेकडे वळू. १९९४ साली थॅडियस आणि मेन ह्या दोन अभ्यासकांनी मांडले की, बाई तीन प्रकारच्या उशिरांमुळे मरते. घरात निर्णय घेण्यास उशीर, दवाखान्यात पोचण्यास उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यास उशीर. पहिला उशीर आपल्या हातचा आहे. "धनी शेतातून येऊ द्या, सासऱ्यांना विचारू द्या" असे म्हणत घरातील बाया थांबतात. दुसरा उशीर अर्धा आपल्या आणि अर्धा शासनाच्या हातचा आहे. तिसरा उशीर संपूर्णपणे व्यवस्थेचा आहे, आणि त्याविषयी बोलणे आपल्याला सर्वांत जड जाते, कारण पांढऱ्या कोटापुढे आपली जीभ अडखळते.

ह्या तिसऱ्या उशिराचे स्वरूप कसे असते? गावच्या केंद्रातून तालुक्याला, तालुक्याहून वाशीमला, वाशीमहून ८० किलोमीटरवरच्या अकोल्याला, अशी बाई पुढे पुढे ढकलली जाते. पुढच्या ठिकाणी डॉक्टर आहे की नाही, रक्त आहे की नाही, हे दूरध्वनीवर विचारून घेण्याची तसदी कोणी घेत नाही. चिठ्ठीवर रक्तदाब लिहिलेला नसतो, दिलेले औषध लिहिलेले नसते. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे. पण बाळ झाले, पेढे वाटले, आणि बाई एकटी खाटेवर राहिली, असे घडते. एका परिचारिकेवर चार जणींचा भार असतो. मी येथे स्पष्ट सांगतो, हा दोष त्या एकट्या परिचारिकेचा नाही. ती नर्सबाई, ती आशाताई, पुष्कळदा आपल्याच घरातील लेक असते. रिकाम्या जागा भरणे, रक्ताचा साठा ठेवणे, रात्रपाळीला भूलतज्ज्ञ नेमणे ही कामे तिच्या हातची नाहीत. म्हणून मृत्यू झाला की दवाखान्याच्या काचा फोडणे आणि डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणे हा न्याय नव्हे. २०१० च्या राज्य कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्याने पुढची बाई वाचत नाही. उलट भ्यालेला डॉक्टर अवघड रुग्ण दारातूनच पुढे पाठवू लागतो. आपला मार्ग कागदाचा, कायद्याचा आणि संघटनेचा आहे.

आता हक्क सांगतो. ते पाठ करून ठेवा. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी हे सर्व विनामूल्य आहे. जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि शस्त्रक्रियेत सात दिवस मिळावयाचे असते. गाडीसाठी १०२ व १०८ हे क्रमांक आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी करण्याची योजना २०१६ पासून चालू आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने सरकारी दवाखान्यातील बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिच्या विश्वासाची एक स्त्री राहू देण्याची मुभा दिली. ही मुभा फार मोलाची आहे. रक्त वाढले, डोळे फिरले, तर पहिली हाक तीच देऊ शकते.

खाजगी दवाखान्यांविषयी जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम आले. त्यांत रुग्णहक्कांची सनद आहे. तातडीच्या रुग्णाला पैशासाठी न अडविता जीव वाचविणारे प्राथमिक उपचार द्यावेत आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवू नये, असे त्यांत आहे. तरीही २०२५ च्या मार्च महिन्यात पुण्यातील एका नामांकित धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीकडे दहा लाख रुपये अनामत मागितल्याचा आणि दाखल न केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. ती स्त्री पुढे दुसरीकडे प्रसूत झाली आणि वारली. राज्यभर क्षोभ झाला, शासनाने चौकशी समित्या नेमल्या, आणि त्या रुग्णालयाने यापुढे तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेणार नाही असे जाहीर केले. ह्यातून काय शिकावयाचे? नियम २०२१ साली झाला होता, पण लोकांनी आवाज उठविला तेव्हा त्याकडे सर्वांचे लक्ष गेले. आणि ते कुटुंब शिकलेले व पुण्यातले होते. आपल्या खेड्यातील मजूर बाईच्या मरणाची बातमी तालुक्याच्या पलीकडे जात नाही.

संविधानाचा २१ वा अनुच्छेद जीविताचा हक्क देतो. १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा ह्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब शासनाला चालणार नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने, बाळंतपणानंतर दगावलेल्या एका गरीब स्त्रीच्या प्रकरणात, सुरक्षित मातृत्व हा त्या हक्काचाच भाग असल्याचे मानून कुटुंबास भरपाई देवविली. म्हणजे दवाखान्यात आपण दान मागावयास जात नाही. जात विचारून, कपडे पाहून, "इतकी पोरे कशाला" असे हिणवून बाईला गप्प बसविणारा माणूस केवळ उद्धटपणा करीत नाही. अपमान झालेली बाई आपले दुखणे सांगत नाही, आणि न सांगितलेल्या दुखण्यावर उपचार होत नाही. अपमान हेही मृत्यूचे एक कारण आहे.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी अशी रीत देशात २०१० पासून आहे आणि २०१७ साली तिच्या सुधारित सूचना निघाल्या. त्यांप्रमाणे दवाखान्यात एक चौकशी, गावात एक चौकशी आणि निवडक मृत्यूंचा जिल्हाधिकाऱ्यांपुढे आढावा होतो. ह्या आढाव्यास मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावयाचे असते. हेतू कोणाला फासावर देण्याचा नाही. उशीर कोठे झाला ते शोधून पुन्हा तसे होऊ न देण्याचा आहे. परंतु कुटुंब गप्प राहिले, तर कागदावर फक्त दवाखान्याची बाजू उरते. म्हणून असा प्रसंग आलाच, तर दुःख आवरून वेळा लिहून ठेवा. घरून केव्हा निघालो, कोठे केव्हा पोचलो, कोणी केव्हा तपासले, काय सांगितले. माता-बाल संरक्षण कार्ड, चिठ्ठ्या, पावत्या जपून ठेवा आणि चौकशीला बोलावले नाही तर लेखी अर्ज करा. २००५ चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

आता आपल्या कर्तव्याकडे येतो, कारण हक्क मागणाऱ्याने आपले घर आधी झाडावे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात, समाजाने टाकलेल्या विधवांना सुरक्षितपणे बाळंत होता यावे म्हणून, आपल्या घराचे दार उघडले. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली आणि आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार शासनाने उचलावा, असे प्रतिपादन केले. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी आपल्याच विदर्भात, नागपूर येथे, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि अधिक मुलांचा भार घेऊ नका, असे सांगितले. त्यानंतर ऐंशी वर्षे लोटली, तरी २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. घरात बाबासाहेबांची तसबीर लावणे आणि सोळाव्या वर्षी मुलगी उजवणे ह्या दोन गोष्टी एका छपराखाली राहू शकत नाहीत. तसेच नको असलेल्या गर्भासाठी गावातील वैदूकडे जाऊ नका. १९७१ च्या आणि २०२१ साली सुधारलेल्या कायद्याने मान्यताप्राप्त दवाखान्यात सुरक्षित गर्भपाताची सोय आहे.

प्रत्येक विहाराने पाच कामे अंगावर घ्यावीत, असे मी सुचवितो. एक, गावातील गरोदर स्त्रियांची यादी आशाताईंच्या साह्याने ठेवावी आणि ९ तारखेला त्यांना तपासणीस न्यावे. दोन, रात्री-अपरात्री निघू शकेल अशी एक गाडी ठरवून ठेवावी. १०८ आली नाही म्हणून थांबावे लागू नये. तीन, तरुणांच्या रक्तगटांची वही ठेवावी. १४ एप्रिलला आपण मिरवणुकीत नाचतो. त्याच दिवशी रक्तदान शिबिर घ्यावे. चार, निर्णयासाठी कोणाची वाट पाहावयाची नाही, हे प्रत्येक घरात आधीच ठरवून ठेवावे. बाई म्हणाली "मला बरे वाटत नाही" की निघावयाचे. पाच, तालुक्याच्या रुग्णालयात रक्त आहे काय, औषधे थंड जागी आहेत काय, रात्री डॉक्टर असतात काय, हे वर्षातून दोनदा शिष्टमंडळ नेऊन सौजन्याने आणि लेखी विचारावे.

आणि हे केवळ आपल्या घरांपुरते ठेवू नका. मानोऱ्याच्या तांड्यावरची बंजारा भगिनी असो, मुसलमान मोहल्ल्यातील असो की मराठ्याच्या वाड्यातील असो, रक्त सर्वांचे एकाच वेगाने वाहते आणि उशिराने सर्वजणी सारख्याच मरतात. आजारी आणि टाकून दिलेल्या भिक्षूची तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने शुश्रूषा केली, ही कथा आपण सांगतो. ती कथा आता गावच्या बाळंतिणीच्या खाटेपाशी नेऊन उभी करावयाची आहे.

बंधूंनो, पुढील वेळी कोणी "तिचं तेवढंच आयुष्य होतं" असे म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारा, "ती दवाखान्यात किती वाजता पोचली होती? तिला पहिली सुई किती वाजता मिळाली?" ह्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून घेण्याची सवय आपल्याला लागली, तर पुढच्या बाईचे आयुष्य तेवढेच राहणार नाही.